भाजलेल्या रुग्णांसाठी मानवी त्वचेचे जतन : शास्त्र, पूर्वपीठिका आणि ग्रामीण भागाचा प्रश्न

प्रस्तावना :
शिरूर व दौंड तालुक्यांच्या ऊसपट्ट्यात गुऱ्हाळावरील काहिलीतला उकळता रस अंगावर सांडून, स्टोव्हचा भडका उडून किंवा विजेच्या धक्क्याने माणसे भाजतात. जखम लहान असेल तर ती रुग्णाच्या स्वतःच्याच त्वचेने झाकता येते. मांडीवरील त्वचेचा पातळ थर काढून तो जखमेवर बसविला जातो आणि मांडीची जखम दोन-तीन आठवड्यांत आपोआप भरून येते. परंतु शरीराचा निम्म्याहून अधिक पृष्ठभाग खोलवर भाजला असेल, तर काढून घेण्याजोगी निरोगी त्वचा रुग्णाच्या अंगावर पुरेशी उरत नाही. अशा वेळी मृत व्यक्तीची जतन करून ठेवलेली त्वचा उपयोगी पडते. ती कशी जतन केली जाते, ती नेमके कोणते कार्य करते आणि केंदूरसारख्या गावाचा या व्यवस्थेशी कोणता संबंध येऊ शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

त्वचेचे कार्य आणि परकी त्वचा :
त्वचा नाहीशी झाली की शरीरातील पाणी व प्रथिने सतत बाहेर पाझरू लागतात, शरीराची उष्णता टिकत नाही आणि जंतूंना शिरण्यास वाट मोकळी होते. भाजल्यानंतरचे पहिले काही दिवस निभावून गेलेला रुग्ण पुढे जंतुसंसर्गाने दगावतो, त्याचे मूळ या उघड्या जखमेत असते. म्हणून जळालेली मृत त्वचा लवकर काढून टाकावी आणि जखम तत्काळ झाकावी, हे आधुनिक उपचाराचे सूत्र आहे. झाकण्यासाठी काय वापरावे, हा खरा प्रश्न होय.

त्वचेच्या स्थलांतराचा इतिहास सांगताना पुण्याचा उल्लेख टाळता येत नाही. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानास पुण्याजवळच्या एका कुंभाराने कपाळावरील त्वचेतून नवे नाक करून दिल्याचे वृत्त १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाले. युरोपातील शल्यविशारदांचे लक्ष या विद्येकडे वळले ते त्यामुळे. मात्र ती त्वचा रुग्णाची स्वतःची होती आणि नवे नाक रुजेपर्यंत तिचा एक देठ कपाळाशी जोडलेला राही. परक्याची, तीही साठवलेली त्वचा वापरणे ही सर्वस्वी निराळी गोष्ट आहे.

ती निराळी का, याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मिळाले. ग्लासगो येथे एका भाजलेल्या तरुणीवर तिच्या भावाच्या त्वचेचे तुकडे बसविण्यात आले. प्रथम बसविलेले तुकडे काही काळ टिकून नष्ट झाले, तर दुसऱ्या खेपेचे त्याहून लवकर नष्ट झाले. गिब्सन व मेडावर यांनी १९४३ मध्ये ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. शरीर परकी ऊती ओळखते व ती ओळख लक्षात ठेवते, हे यावरून स्पष्ट झाले. मेडावर यांना पुढे १९६० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तात्पर्य, दात्याची त्वचा रुग्णाच्या अंगावर कायमची राहत नाही. ती साधारणतः दोन-तीन आठवडे जखम झाकते आणि मग गळून पडते किंवा काढावी लागते. एवढ्या अवधीत रुग्णाची प्रकृती सावरते, वेदना कमी होतात आणि मांडीवरची त्वचा पुन्हा काढण्याजोगी होते. उसनवारीची ही मुदत अनेकदा जीव वाचविण्यास पुरेशी ठरते.

जतनाच्या पद्धती :
त्वचा पोषक द्रवात ४ अंश सेल्सिअसला ठेवली तर सुमारे दोन आठवडे तिच्यातील पेशी जिवंत राहू शकतात. अधिक काळासाठी ती गोठवावी लागते. पण पाण्याचे स्फटिक पेशी फोडतात, म्हणून संरक्षक द्रव मुरवून दर मिनिटाला सुमारे एक अंश इतक्या मंद गतीने तापमान उतरविले जाते आणि मग उणे ८० अंश किंवा त्याखाली साठवण होते. यासाठी महागडी यंत्रसामग्री व अखंड वीज लागते.

तिसरी पद्धत ग्लिसरॉलची. नेदरलँड्समधील युरो स्किन बँकेने १९८० च्या दशकात ती रूढ केली. त्वचा वाढत्या तीव्रतेच्या ग्लिसरॉलमध्ये टाकून अखेरीस ८५ टक्के द्रावणात ठेवतात. मुरांब्यात पाक जे काम करतो, तेच येथे ग्लिसरॉल करते. ऊतीतील पाणी ओढले जाते आणि जंतूंना वाढण्यास ओलावा उरत नाही. पेशी मरतात, परंतु त्वचेची वीण शाबूत राहते, आणि निर्जीव त्वचेविरुद्ध शरीराची प्रतिक्रियाही सौम्य असते. अशी त्वचा साध्या शीतकपाटात ४ ते ८ अंशांना पाच वर्षांपर्यंत टिकते. भारनियमन अनुभवलेल्या आपल्या प्रदेशात हीच पद्धत स्वीकारली जावी, यात नवल नाही.

महाराष्ट्रातील प्रयत्न :
मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने २००० मध्ये ग्लिसरॉल पद्धतीची त्वचापेढी सुरू झाली. तत्पूर्वी टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या ऊतीपेढीने १९८८ पासून प्रसूतीनंतर टाकून दिले जाणारे गर्भावरण वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून जखमांसाठी उपलब्ध केले होते. पुढे ऐरोली येथील नॅशनल बर्न्स सेंटर आणि पुण्यातील सूर्या सह्याद्री रुग्णालय येथेही त्वचापेढ्या निघाल्या. साधनांच्या टंचाईतून निघालेले दोन मार्गही नोंदवण्याजोगे आहेत. वाडिया बालरुग्णालयातील डॉ. केसवानी यांनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींची मलमपट्टी मांडली, तर शीव रुग्णालयातून २००३ मध्ये केळीच्या पानांच्या पट्टीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे उपाय उथळ जखमांसाठी होत. पूर्ण जाडीची त्वचा गेलेल्या विस्तीर्ण जखमेवर त्यांचा निभाव लागत नाही.

कायद्याची स्थिती काही काळ विचित्र होती. १९९४ चा कायदा केवळ अवयवांपुरता होता. शरीर ज्याची पुन्हा निर्मिती करू शकत नाही तो अवयव, अशी त्याची व्याख्या असल्याने त्वचा तिच्यात बसत नव्हती. २०११ च्या दुरुस्तीने ‘ऊती’ हा शब्द कायद्याच्या नावातच आला. शीवची पेढी त्याआधी दशकभर काम करीत होती.

दानाची प्रक्रिया आणि केंदूरचे अंतर :
मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचा घ्यावी लागते. निकटच्या नातेवाइकाची संमती आवश्यक असते. दाता प्रौढ असावा. एचआयव्ही, कावीळ ब व क, त्वचेचा कर्करोग किंवा अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग नसावा. रक्तगट जुळण्याची गरज नाही. पथक घरी येऊन मांड्या, पाय व पाठ येथील केवळ वरचा पातळ थर काढते. रक्तस्राव होत नाही, चेहरा व हात यांस स्पर्श होत नाही आणि काम पाऊण तासात उरकते. नंतर पट्ट्या बांधून देह कुटुंबाच्या स्वाधीन केला जातो. संपूर्ण कातडी सोलली जाते, ही समजूत चुकीची असली तरी सर्वात मोठा अडथळा तीच आहे.

केंदूर पुण्यापासून रस्त्याने चाळीस-पन्नास किलोमीटर. शिक्रापूर-वाघोलीची वाहतूक धरली तरी पथकाला दोन-अडीच तास पुरावेत. म्हणजे अंतर हा अडसर नाही; निरोप उशिरा जाणे हा आहे. मृत्यू रात्री झाला तर बहुधा सकाळपर्यंत कोणी दूरध्वनी करीत नाही आणि तोवर मुदत टळते. दुसरीकडे, मुंबईस असलेली मुले व लेकी येईपर्यंत अंत्यविधी थांबविण्याची रीत गावोगाव आहे, त्यामुळे या कामासाठी निराळा वेळ काढावा लागत नाही. नेत्रदानाचा अवधीही जवळजवळ तेवढाच असून ते आता अपरिचित राहिलेले नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात नेत्रदानाचे अर्ज भरून घेताना त्वचापेढीचा क्रमांक त्याच कागदावर छापला, तर नातेवाइकांना रात्री एकाच ठिकाणी दोन्ही क्रमांक सापडतील.