बाजारात न आलेली मोटार

औंध संस्थानातील एका उजाड माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला कारखाना वसविला. औंध आज सातारा जिल्ह्यात, तर किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात आहे. तेथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले. सांगलीच्या शेजारच्या इचलकरंजी गावी शंकरराव कुलकर्णी यांनी याहूनही धाडसी ध्यास घेतला. सामान्य कुटुंबास परवडेल अशी लहान मोटार आपण स्वतः घडवावी, असे त्यांनी ठरविले. १९४९ साली पहिली मोटार सिद्ध झाली. तिचे नाव ‘मीरा’. पुढे कित्येक वर्षे ते तिच्यात सुधारणा करीत राहिले. नंतरच्या मीरेचे इंजिन मागील बाजूस होते. तिची किंमत सुमारे बारा हजार रुपये असावी, असा त्यांचा हिशेब होता.

मग मीरा बाजारात का आली नाही? एखादी मोटार पत्रा हाताने ठोकून घडविता येते; परंतु एकसारख्या हजारो मोटारी काढावयाच्या तर पोलादी साचे, अवजड यंत्रे आणि विपुल भांडवल लागते. शिवाय १९५१ च्या कायद्यान्वये अशा उद्योगास सरकारी परवाना आवश्यक होता. मीरेचे उत्पादन कधीच सुरू झाले नाही. १९८३ साली ‘मारुती ८००’ आली आणि घरोघरी लहान मोटार दिसू लागली. शंकररावांनी लोकांची गरज तीन तपांपूर्वीच अचूक ओळखली होती!