खासगी वाहनतळाचा आकार आणि त्यावरील हरकत

बडोदे, इंदूर, बेळगाव, मडगाव येथील कित्येक घरांतील मुलेमुली आज नोकरीधंद्यानिमित्त इंग्लंडात राहतात. तेथील संसारात मोटार ही चैनीची वस्तू नसून गरजेची आहे. आठवड्याचा बाजारहाट मोठ्या दुकानांच्या संकुलात होतो आणि मोटार त्या संकुलाच्या वाहनतळावर उभी राहते. पुढे आठदहा दिवसांनी घरी एक लिफाफा येतो. त्यात मोटारीची दोन छायाचित्रे असतात, वाहनतळात शिरल्याची व बाहेर पडल्याची वेळ असते आणि शंभर पौंडांपर्यंतची रक्कम भरावी अशी मागणी असते. कागदाचा थाट सरकारी असल्यामुळे सरळमार्गी माणसाच्या छातीत धस्स होते. कोणी मुकाट्याने पैसे भरून मोकळा होतो. कोणी संतापाने कागद केराच्या टोपलीत टाकतो. परंतु मागणी अन्यायाची वाटत असेल, तर या दोहोंपेक्षा निराळा असा एक रीतसर मार्ग उपलब्ध आहे.

प्रथम हा कागद कोणाचा, हे पाहणे अगत्याचे असते. नगरपालिका रस्त्यावरील चुकीबद्दल जी नोटीस देते तिला ‘पेनल्टी चार्ज नोटीस’ म्हणतात. खासगी कंपनी जी पाठविते तिचे नाव ‘पार्किंग चार्ज नोटीस’. दोन्हींची आद्याक्षरे एकच असल्याने पुष्कळांची फसगत होते. पहिली नोटीस कायद्याने दिलेल्या अधिकारातून निघते व तिच्यावरील अपिलाची सोय वेगळी आहे. दुसरीच्या मागे सरकारी अधिकार नसतो. ती एका व्यापाऱ्याने कराराच्या आधारे केलेली पैशाची मागणी असते. आपल्याकडील शब्दांत सांगावयाचे तर पहिला दंड होय आणि दुसरा आकार.

हा करार होतो तरी केव्हा? त्यावर कोणी सही केलेली नसते. वाहनतळावरील फलक हाच कराराचा प्रस्ताव समजला जातो. ‘दोन तास विनामूल्य, अधिक थांबल्यास अमुक आकार’ असे फलक सांगतो. तो वाचण्याची वाजवी संधी मिळूनही चालकाने मोटार तेथे ठेवली, की त्याने अटी मान्य केल्या असे धरले जाते. साहजिकच सारा वाद पुष्कळदा फलकापाशी येऊन थांबतो. अक्षरे बारीक असतील, फलक झाडाच्या फांदीआड गेला असेल, रात्री त्यावर उजेड नसेल किंवा आकाराचा आकडा कोपऱ्यात दडविलेला असेल, तर करार झाला असे कंपनीने म्हणावे कशाच्या आधारावर?

या विषयावरील महत्त्वाचा निकाल चेम्सफर्ड या गावच्या एका प्रकरणात लागला. एप्रिल २०१३ मध्ये बीव्हिस नावाचे गृहस्थ तेथील दुकानांच्या वाहनतळावर दोन तासांच्या विनामूल्य मुदतीपेक्षा ५६ मिनिटे अधिक थांबले. पार्किंगआय या कंपनीने त्यांच्याकडे ८५ पौंड मागितले. कंपनीचे काहीच नुकसान झालेले नाही, सबब ही रक्कम म्हणजे कराराच्या नावाखाली लादलेली शिक्षा आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ४ नोव्हेंबर २०१५ रोजी सहा विरुद्ध एक अशा मताधिक्याने निकाल कंपनीच्या बाजूने लागला. वाहनतळावरील जागा सतत मोकळ्या होत राहाव्यात, म्हणजे इतर गिऱ्हाइकांनाही त्या मिळतील, हा योग्य हेतू आहे. फलक मोठे, ठळक व सुवाच्य होते. आणि ८५ पौंड ही रक्कम त्या हेतूच्या मानाने अवाच्या सवा नाही, असे न्यायालयाने ठरविले. ‘नुकसान नाही तर पैसे नाहीत’ हा जुना सल्ला अजूनही तोंडोतोंडी फिरत असतो; पण अशा प्रकरणी तो आता लंगडा ठरला आहे. मात्र याच निकालाने ठळक फलकाला किती महत्त्व आहे तेही दाखवून दिले. ज्या वाहनतळावर तसे फलक नाहीत, तेथे कंपनीला या निकालाचा आधार सहजासहजी घेता येत नाही.

दुसरा आधार २०१२ च्या ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स’ या कायद्याचा आहे. त्यापूर्वी खासगी जागेत मोटारीच्या चाकाला लोखंडी कुलूप ठोकून पैसे उकळण्याचा धंदा जोरात होता. १ ऑक्टोबर २०१२ पासून इंग्लंड व वेल्समध्ये कायदेशीर अधिकारावाचून असे कुलूप घालणे हा गुन्हा झाला. त्याच्या मोबदल्यात कंपन्यांना एक सवलत मिळाली. मोटार कोण चालवीत होता हे कळले नाही, तरी ज्याच्या नावे तिची नोंद आहे त्या धारकाकडून आकार वसूल करता येऊ लागला. धारकाचे नाव व पत्ता सरकारी वाहन परवाना कचेरीकडून कंपनीला मिळतो. परंतु ही सवलत बिनशर्त नाही. मोटारीवर त्याच वेळी चिठ्ठी लावलेली नसेल, तर मोटार उभी केल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून १४ दिवसांच्या आत नोटीस धारकाच्या हाती पडली पाहिजे. टपालात टाकल्यानंतर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी ती पोहोचली असे समजतात. मुदत चुकली, तर या कायद्याखाली धारकावर जबाबदारी टाकता येत नाही. कंपनीला प्रत्यक्ष चालकाचा शोध घ्यावा लागतो. चालकाचे नाव कंपनीला कळविण्याचे कायदेशीर बंधन धारकावर नाही. यास्तव लिफाफा उघडताच त्यावरील तारखा तपासणे हे पहिले काम होय. खोटे काही लिहू नये. ‘या मोटारीचा नोंदणीकृत धारक या नात्याने’ असे लिहिले म्हणजे पुरते.

वस्तुस्थितीच्या चुकाही वरचेवर आढळतात. एकच मोटार सकाळी व सायंकाळी अशी दोनदा आली असता कॅमेरा मधली ये-जा टिपत नाही आणि दोन लहान खेपांची एक लांब खेप होते. यंत्रात मोटारीचा क्रमांक भरताना एखादे अक्षर चुकते आणि भरलेले पैसे हिशेबात धरले जात नाहीत. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या या व्यवसायाच्या सामायिक आचारसंहितेप्रमाणे मुदत संपल्यावर निघण्यासाठी दहा मिनिटांची सूट द्यावयाची असते; तीच कधी विसरली जाते. अपंग व्यक्तीला मोटारीतून उतरण्या-चढण्यास अधिक वेळ लागतो, आणि त्याची वाजवी सोय करणे हे २०१० च्या समानता कायद्याप्रमाणे सेवा देणाऱ्याचे कर्तव्य आहे.

हरकतीचा क्रम असा. प्रथम दुकानाच्या व्यवस्थापकाला खरेदीच्या पावतीसह पत्र लिहावे. दुकानदाराला गिऱ्हाईक दुखवावयाचे नसते. त्याच्या एका शब्दावर कंपनी मागणी सोडून देते असे अनेकदा घडते. पण त्याच्या उत्तराची वाट पाहत मुदत दवडू नये. नोटीस मिळाल्यापासून २८ दिवसांच्या आत कंपनीकडे लेखी हरकत गेलीच पाहिजे. तीत मुद्दे क्रमवार असावेत, फलकांची छायाचित्रे व पावत्या जोडाव्यात, आणि भाषा सौम्य ठेवावी. कंपनीने नकार दिल्यास ती ज्या व्यवसाय-संघटनेची सभासद असेल तिच्या स्वतंत्र अपील व्यवस्थेकडे जाता येते. अशा दोन व्यवस्था आहेत, पॉपला आणि इंडिपेंडंट अपील्स सर्व्हिस. पॉपलाकडे नकाराच्या तारखेपासून २८ दिवसांत, नकारपत्रातील सांकेतिक क्रमांक देऊन, विनामूल्य अपील करता येते. तिचा निर्णय कंपनीला बांधून घेतो. मोटारवाल्याला न्यायालयात आपली बाजू मांडण्यास मोकळीक राहते.

येथे एक हिशेबही करावा लागतो. चौदा दिवसांत पैसे भरल्यास आकारात ४० टक्के सूट मिळते; शंभराचे साठ होतात. अपिलात हार झाली तर सूट सहसा जाते व पूर्ण रक्कम मागितली जाते. म्हणून ज्याची चूक उघड आहे, फलक स्वच्छ आहेत आणि तारखाही बरोबर आहेत, त्याने साठ पौंड भरून विषय संपविणे व्यवहाराचे. ज्याच्या हाती पुरावा आहे, त्याने सुटीच्या मोहाने आपला हक्क सोडण्याचे कारण नाही.

सर्वांत घातक मार्ग म्हणजे मौन. वसुली करणाऱ्या संस्थांची धमकीवजा पत्रे येतात, त्यांना निकालावाचून घरातील वस्तू जप्त करण्याचा अधिकार नसतो हे खरे. परंतु कंपनी कौंटी न्यायालयात दावा लावू शकते. न्यायालयाच्या कागदाला १४ दिवसांत उत्तर द्यावे लागते. केवळ पोच दिली तरी बचाव मांडण्यास एकूण २८ दिवस मिळतात. काहीच न केल्यास एकतर्फी हुकूमनामा होतो. ती रक्कम महिन्याच्या आत चुकती न झाल्यास हुकूमनाम्याची नोंद सहा वर्षे राहते. नवे बिऱ्हाड भाड्याने घेणाऱ्याला किंवा घरासाठी कर्ज काढणाऱ्याला ती नोंद शंभर पौंडांपेक्षा कितीतरी महाग पडते. घर बदलल्यावर वाहन परवाना कचेरीत नवा पत्ता न कळविणाऱ्यांवर हा प्रसंग हटकून येतो. पत्र जुन्या घरी पडून राहते आणि हुकूमनाम्याची वार्ता कर्ज नाकारले गेल्यावर कळते.

ताज्या ताज्या नोकरीवर गेलेल्या तरुणाला किंवा इस्पितळात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला शंभर पौंड म्हणजे दिवसभराची मिळकत असते. परक्या मुलुखात कागदपत्रांची भीती अधिक वाटते आणि त्या भीतीपोटी देणे नसलेले पैसेही दिले जातात. मुलांकडे राहावयास गेलेल्या वडीलधाऱ्यांच्या हाती दिवसा टपाल पडते. त्यांनी असा लिफाफा फडताळात न ठेवता त्यावर आल्याची तारीख टाकावी आणि त्याच संध्याकाळी तो मुलांच्या हाती द्यावा. कंपनीकडे हरकत पाठविण्याच्या मुदतीची मोजणी त्या तारखेवरून करता येते.