हवेतली चित्रे – भाग 6 : कागद काढला की प्रतिमा कुठे जाते?

ठरल्याप्रमाणे या आठवड्यात ध्वनीच्या जोरावर तरंगणाऱ्या मण्याची पाळी होती. ती पुढच्या आठवड्यावर गेली आहे. कारण सातारा जिल्ह्यातल्या एका विज्ञान-शिक्षिकेचे पत्र आले आणि त्यातल्या प्रश्नाला दोन ओळींचे उत्तर देऊन चालण्यासारखे नाही. धुक्याच्या पडद्यावरचा भाग वर्गात वाचून दाखवला तेव्हा एका मुलीने विचारले, “बाई, अंतर्गोल आरशाच्या प्रयोगात आपण कागदावर मेणबत्तीची उलटी ज्योत पाडतो. मग कागद काढला की ती प्रतिमा कुठे जाते?” वर्ग हसला. बाई मात्र विचारात पडल्या.

उत्तर असे, की ती कुठेही जात नाही. कागद नव्हता तेव्हाही ती तिथेच होती आणि कागद काढल्यावरही तिथेच असते. हवेत चित्र उमटवणाऱ्या यंत्रांपैकी निम्मी यंत्रे या एका गोष्टीवर उभी आहेत.

शाळेतला आरसा बहुधा 20 सेंटिमीटर नाभीय अंतराचा असतो. तो उभा करून त्याच्यासमोर 40 सेंटिमीटरवर मेणबत्ती ठेवावी, आरशाच्या मध्यापेक्षा जराशी खाली. खोली अंधारी करावी. ज्योतीची प्रतिमाही आरशासमोर 40 सेंटिमीटरवरच, तेवढ्याच आकाराची, उलटी आणि मध्यापेक्षा जराशी वर तयार होते. आता कागद धरायचाच नाही. आरशापासून मीटरभर मागे सरून डोळा किंचित वर धरायचा आणि आरशाकडे पाहायचे. उलटी ज्योत दिसते. मात्र बहुतेकांना ती आरशाच्या आत आहे असेच वाटते, कारण आरशातले चित्र आत असते ही सवय लहानपणापासून हाडीमाशी भिनलेली आहे. मग एक पेन्सिल घेऊन तिचे टोक ज्योतीच्या जागी, हवेत धरायचे आणि डोके हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलवायचे. टोक आणि ज्योत एकमेकांना सोडून सरकत असतील तर पेन्सिल पुढेमागे करायची. एक जागा अशी सापडते की डोके कितीही हलवा, टोक आणि ज्योत एकमेकांना चिकटून राहतात. प्रयोगशाळेत याला पॅरॅलॅक्स काढणे म्हणतात. तेवढे जमले की मेंदू एकदम हार मानतो आणि ज्योत आरशातून बाहेर येऊन पेन्सिलीच्या टोकावर बसलेली दिसते. ज्यांनी हे पाहिलेले नाही, त्यांनी वास्तव प्रतिमेची व्याख्या फक्त पाठ केलेली असते.

याच प्रयोगात आणखी एक गोष्ट हाती लागते आणि या आठवड्याचा सगळा मुद्दा तिच्यात आहे. डोके फार बाजूला नेले की ज्योत नाहीशी होते. आरशाच्या कडेला ती कापली जाते आणि मग काहीच उरत नाही. प्रकाश सरळ रेषेत जातो. आरशावरून निघालेले किरण हवेतल्या त्या बिंदूत एकत्र येतात, तिथून पुन्हा फाकतात आणि पुढे जातात. ते वाटेत वळत नाहीत, कारण त्यांना वळवणारे तिथे काही नाही. म्हणून डोळा, प्रतिमा आणि आरसा एका ओळीत असले तरच दिसते. प्रतिमेच्या पाठीशी आरसा नसेल तर प्रतिमाही नाही.

कागद नेमके काय करतो तेही यावरून कळते. तो प्रतिमा तयार करत नाही. तो तिथे जमलेला प्रकाश चहूकडे विखुरतो आणि त्यामुळे वर्गातल्या शेवटच्या बाकावरही ती दिसते. मागच्या आठवड्यातले धुके हेच काम करत होते. जत्रेतल्या टूरिंग टॉकीजमध्ये बसलेल्या पिढीला हे वेगळे सांगायला नको. प्रोजेक्टरचा झोत दिसायचा तो तंबूतल्या धुळीमुळे आणि विड्यांच्या धुरामुळे. स्वच्छ हवेत तो झोत डोक्यावरून गेला असता आणि कुणाला पत्ता लागला नसता.

म्हणजे मार्ग दोनच. हवेत प्रकाश विखुरणारे किंवा स्वतः उजळणारे काहीतरी ठेवा, मग ते धुके असो, धूलिकण असो, मणी असो नाहीतर लेसरने तापवलेली हवाच असो. किंवा पाहणाऱ्याच्या नजरेच्या रेषेत, चित्राच्या मागे, प्रकाश पाठवणारा पृष्ठभाग ठेवा. तिसरा मार्ग नाही. दिल्लीत इंडिया गेटजवळच्या छत्रीखाली 23 जानेवारी 2022 रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा 28 फूट उंच प्रकाशपुतळा उभा राहिला, तेव्हा अनेकांना तो निव्वळ हवेत आहे असे वाटले. तिथे 30,000 ल्युमेन्सचा प्रोजेक्टर होता आणि 90 टक्के पारदर्शक असा पडदा होता. पडदा दिसत नव्हता, पण होता. त्याच वर्षी 8 सप्टेंबरला त्या जागी ग्रॅनाइटचा पुतळा आला.

अमेरिकेतल्या ब्रिगम यंग विद्यापीठातले डॅनियल स्मॉली यांनी हा भेद फार स्वच्छ मांडला. 1977 च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये राजकन्या लेयाची छोटी आकृती खोलीत मधोमध उभी राहते आणि भोवतीचे सगळे तिला आपापल्या बाजूने पाहतात. तिच्या मागे कुठलीही काच नाही. स्मॉली यांचे म्हणणे असे, की ती आकृती होलोग्राम असूच शकत नाही, कारण होलोग्राममध्येही प्रकाश एका पृष्ठभागावरूनच येतो. तशी आकृती हवी असेल तर हवेतल्या त्या त्या बिंदूवर काहीतरी नेऊनच ठेवायला हवे. त्यांनी ते केले आणि 2018 च्या जानेवारीत ‘नेचर’मध्ये ते प्रसिद्ध झाले. लेसरने हवेत पकडलेला सेल्युलोजचा एक सूक्ष्म कण वेगाने फिरवायचा, त्यावर लाल, हिरवा, निळा प्रकाश टाकायचा आणि उरलेले काम दृष्टिसातत्यावर सोडायचे. त्या कणाला पुढे स्वतंत्र भाग दिला जाईल.

आज आरशांची बाजू घ्यायची आहे. ती या लेखकाची फार जुनी आवड आहे.

1969 च्या सुमाराची एक हकिकत सांगतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या भौतिकशास्त्र विभागात दुसऱ्या महायुद्धातल्या सर्चलाइटचे मोठे अंतर्गोल आरसे पडून होते. त्यांना मधोमध भोके होती. कॅलिस्टे लँड्री ते पुसत होते. दोन आरसे एकावर एक, तोंडाला तोंड लावून ठेवलेले होते आणि वरच्या भोकाशी जमलेली धूळ काही केल्या पुसली जाईना. फडके तिच्यातून आरपार जात होते, कारण धूळ तिथे नव्हतीच. ती खालच्या आरशाच्या तळाशी होती आणि वर दिसत होती ती तिची वास्तव प्रतिमा. लँड्रींनी हे व्हर्जिल एलिंग्ज या प्राध्यापकांना दाखवले आणि 1972 मध्ये दोघांच्या नावे पेटंट निघाले. हेच एलिंग्ज पुढे अणूंची चित्रे काढणाऱ्या सूक्ष्मदर्शकांच्या धंद्यात नावाजले.

त्या जोडीचे खेळणे आज ‘मिराज’ या नावाने मिळते आणि विज्ञान केंद्रांत हमखास दिसते. त्यातली रचना सुंदर आहे. दोन अन्वस्ताकार आरसे असे बसवलेले असतात की प्रत्येकाची नाभी दुसऱ्याच्या मध्यबिंदूवर पडते. तळाशी ठेवलेल्या वस्तूवरून निघालेला प्रकाश वरच्या आरशावर आपटून समांतर होतो, खाली येतो आणि खालचा आरसा त्याला वरच्या भोकात पुन्हा गोळा करतो. तिथे दिसणारे नाणे उचलायला गेले की बोटे रिकामी मिटतात. त्याहून मोठी गंमत टॉर्चची. त्या नसलेल्या नाण्यावर बाजूने टॉर्च मारली तर ते उजळते, अगदी खरे असल्यासारखे, कारण प्रकाश आल्या वाटेने आत जाऊन खऱ्या नाण्यावर पडतो. सेगा कंपनीने 1991 मध्ये ‘टाइम ट्रॅव्हलर’ हा खेळ गेम पार्लरमध्ये आणला, त्यातही मोठा वक्र आरसा आणि खाली दडवलेला टीव्ही एवढाच मामला होता.

वक्र आरसा जागा मात्र फार खातो. ही अडचण जपानमध्ये सुटली आणि सोडवणाऱ्यांत हिरोशिमाची आसुकानेट ही कंपनी पुढे होती. तिचा मुख्य व्यवसाय अंत्यविधीच्या वेळी ठेवायची छायाचित्रे नीट करून देण्याचा. तिने काचेची एक सपाट पाटी बाजारात आणली. पाटीच्या आत आरशांच्या अतिशय बारीक पट्ट्या उभ्या लावलेल्या असतात, दोन थरांत, एकमेकींशी काटकोनात. प्रत्येक किरण एकदा या थरात आणि एकदा त्या थरात परावर्तित होतो आणि पाटीच्या पलीकडे बरोबर तेवढ्याच अंतरावर पुन्हा गोळा होतो. पाटीमागे 20 सेंटिमीटरवर मोबाइलचा पडदा ठेवला तर त्याची प्रतिमा पाटीपुढे 20 सेंटिमीटरवर, हवेत. उत्सुनोमिया विद्यापीठातल्या हिरोत्सुगु यामामोतो यांनी आणखी स्वस्त वाट काढली. अर्धपारदर्शक आरसा आणि आल्या दिशेने प्रकाश परत पाठवणारा कागद, एवढ्यात काम. रस्त्यावरच्या पाट्यांना आणि ट्रकच्या मागे आपल्याकडे जे ‘रेडियम’ लावतात, त्याचाच तो भाऊबंद.

कोरोनाच्या काळात याला एकदम भाव आला. बटण दाबायचे, पण कशाला हात लावायचा नाही, असे सगळ्यांनाच हवे होते. 1 फेब्रुवारी 2022 पासून टोकियोतल्या सेव्हन-इलेव्हनच्या सहा दुकानांत असा बिलिंग काउंटर चाचणीसाठी बसला. काउंटरवर पडदा नव्हता. समोर हवेत बटणे दिसायची आणि गिऱ्हाइकाने त्या जागी बोट नेले की काम व्हायचे. बोट आले हे यंत्राला कळते ते अवरक्त किरणांच्या संवेदकामुळे. बोट त्या पातळीत शिरले की परतणारे किरण त्याची जागा सांगतात.

अगदी जवळून पाहिले तर या पाट्यांतला दोषही दिसतो. बोट चित्राच्या पुढे असताना चित्राचा काही भाग झाकला जातो, हे बरोबरच आहे. पण बोट चित्रातून आरपार पलीकडे गेले, म्हणजे चित्र आणि पाटी यांच्या मध्ये आले, तरीही ते चित्र झाकते. खरी वस्तू असती तर मागे गेलेले बोट वस्तूनेच झाकले असते. इथे प्रकाश पाटीवरूनच येत असल्यामुळे मागचे बोटही तो अडवते. डोळा म्हणतो बोट पुढे आहे, हात म्हणतो ते मागे आहे, आणि माणूस गोंधळून बोट मागे घेतो. धुक्यात किंवा मण्यात असे होत नाही. म्हणूनच आरशांच्या वाटेने लेया कधी येणार नाही.

बटणांसाठी मात्र ही वाट उत्तम आहे. बटणाच्या पलीकडे बोट न्यायचेच नसते. फक्त समोर उभ्या माणसालाच चित्र दिसते, ही लेयासाठी खोड. पण पैसे काढताना पिन दाबायचा असेल तर तोच गुण ठरतो, कारण शेजारच्याला आकडे दिसतच नाहीत. इस्पितळाच्या लिफ्टमध्ये आणि सार्वजनिक स्वच्छतागृहांत अशी बटणे यायलाच हवीत, असे या लेखकाचे ठाम मत आहे.

राहता राहिला स्पर्श. दाबल्याची जाणीव बोटाला होत नाही, ही तक्रार रास्त आहे. त्यावरचा इलाज ब्रिस्टल विद्यापीठातून 2013 मध्ये निघालेल्या अल्ट्राहॅप्टिक्स या कंपनीने बाजारात आणला. 40 किलोहर्ट्झचा, कानाला न ऐकू येणारा ध्वनी अनेक छोट्या भोंग्यांतून सोडून हवेतल्या एका बिंदूवर एकवटायचा आणि तो दाब सेकंदाला साधारण 200 वेळा कमीजास्त करायचा. त्या वेगाची थरथर त्वचेला उत्तम कळते. हाच ध्वनी, असेच भोंगे, ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी वरखाली समोरासमोर 512 बसवले आणि त्यांच्या मध्ये 2 मिलिमीटरचा थर्मोकोलचा मणी सेकंदाला 8.75 मीटरपर्यंतच्या वेगाने पळवला. पुढच्या आठवड्यात तोच.