वेकस्टाइलचा बोर्ड निवडताना

२०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मार्सेयच्या समुद्रात काइटबोर्डिंग पहिल्यांदा दिसलं. तेव्हापासून या खेळाचं नाव काढलं की पुष्कळांना पाण्याच्या वर तरंगत सुसाट जाणारा फॉइल बोर्डच आठवतो. वेकस्टाइल म्हणजे याचं अगदी दुसरं टोक. इथे शर्यत नाही. काइट खालीच, साधारण ४५ अंशांवर ठेवायचा, काइटचा बार हार्नेसमधून सोडवायचा आणि बुटांत करकचून बांधलेल्या पायांनी बोर्डाची कड पाण्यात रोवून उसळी घ्यायची. मग हवेतच पाठीमागून बार एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायचा, किंवा पाण्यात उभारलेल्या स्लायडरवरून, म्हणजे घसरपट्टीसारख्या अडथळ्यावरून, घसरत जायचं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या केप हॅटरसला पाम्लिको साउंडचं उथळ, सपाट पाणी आहे. तिथे भरलेल्या ट्रिपल-एस स्पर्धेने ही शैली गाजवली. पण त्या पाण्यावर शोभणारा बोर्ड विकत घ्यायला गेलं की ऐकीव समजुती आडव्या येतात.

‘बोर्ड हलका तर उडी उंच’ ही त्यातली सगळ्यात लोकप्रिय. बिग एअरमध्ये, म्हणजे उंच उड्यांच्या प्रकारात, काइट डोक्यावर फिरवून त्याच्या जोरावर वर जातात. वेकस्टाइलमध्ये काइट फक्त ओढतो. उसळी बोर्डाकडून येते. कड रोवली की दोऱ्या ताणल्या जातात, आणि तो ताण एका क्षणात सुटतो, तोच पॉप. म्हणून शेदोनशे ग्रॅमचा हिशेब करण्यापेक्षा बोर्डाच्या तळाचा बाक, म्हणजे रॉकर, आधी पाहावा. तसंही बुटांची जोडी चढवली की वजनात दोन-तीन किलोंची भर पडतेच.

रॉकर बघायला तज्ज्ञ लागत नाही. फिन काढून बोर्ड सपाट फरशीवर ठेवा, मध्यावर तोला आणि टोकं किती उचलली आहेत ते पट्टीने मोजा. फ्रीराइडचा, म्हणजे साध्या फेरफटक्याचा, बोर्ड शेजारी ठेवला तर वेकस्टाइलच्या बोर्डाची टोकं जास्त उचललेली दिसतील. एक-दीड सेंटिमीटरचा फरकसुद्धा पाण्यात चांगलाच जाणवतो. आता बाजूने नजर लावा. बाक एकसलग असेल तर बोर्ड पळतो बरा आणि उसळी अंदाजात राहते. मधला भाग जवळपास सपाट आणि टोकं कोनात वळलेली असतील, म्हणजे थ्री-स्टेज रॉकर असेल, तर उसळी अधिक उभी आणि झटक्याची मिळते. काइट खाली असल्यामुळे रायडर वेगातच पाण्यावर उतरतो. तेव्हा उचललेलं टोक पाण्यात घुसत नाही, आणि गुडघ्यांना बसणारा दणकाही कमी होतो. किंमत मात्र मोजावी लागते: जास्त रॉकरचा बोर्ड पाणी ढकलतो, उशिरा पळायला लागतो, वाऱ्यावर चढायला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला सरकायला, कुरकुरतो.

त्यामुळे ‘ॲडव्हान्स्ड बोर्ड म्हणजे सगळ्या बाबतींत वरचा बोर्ड’ हेही खरं नाही. तो एका कामाचा बोर्ड असतो. गोव्यात मोरजीला दुपारचा वारा बेताचाच असेल, तर असा बोर्ड घेऊन काइटमध्ये जोर शोधत बसावं लागेल. तोच रामेश्वरमच्या सपाट पाण्यावर चांगल्या वाऱ्यात खुलतो. आपण वर्षातले जास्त दिवस कुठल्या पाण्यात असतो, हे माझ्या मते ब्रँडच्या आधी विचारावं.

‘मुरलेला रायडर लहान बोर्ड वापरतो’ ही समजूत बिग एअरकडून आली असावी. जोरदार वाऱ्यात लहान बोर्ड आवरायला सोपा जातो, हे खरं. वेकस्टाइलला मात्र उसळीसाठी आणि उतरण्यासाठी पायांखाली जागा हवी. साधारण ७५ किलोच्या रायडरला १३८ ते १४२ सेंटिमीटर लांबी आणि ४२च्या आसपास रुंदी सहसा जमते.

मग केबल पार्कमधला वेकबोर्डच का नको? कारण केबल किंवा बोट रायडरला सतत ओढत नेते, त्याला वाऱ्यावर चढून परत यायचं नसतं. काइटवाल्याला ते दर फेरीला करावं लागतं, आणि जाड, फार बाकदार वेकबोर्ड तिथे हात टेकतो.

फिनबद्दल थोडक्यात: मोठे फिन म्हणजे चांगली पकड, हे शिकाऊ दिवसांपुरतं ठीक. वेकस्टाइलमध्ये फिन आखूड ठेवतात आणि पकडीचं बरंचसं काम तळाची चॅनल्स व कड करतात. स्लायडरवर जाताना तर अनेक जण फिन काढूनच टाकतात. कार्बनचंही तसंच आहे. कडक कार्बन उसळी झटकन देतो, पण खळबळत्या पाण्यात दात वाजवतो. स्लायडरवर टोक वाकवायचं असेल तर तिथे थोडी लवचीकताच कामी येते.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज बुटांचा. ‘भोकं जुळली की बूट कुठल्याही बोर्डावर बसतात.’ बसतात, पण टिकतीलच असं नाही. स्ट्रॅपमध्ये, म्हणजे पायावरच्या साध्या पट्ट्यात, पाय थोडा हलतो, निसटतोही. बूट घोट्याचा सगळा पीळ थेट बोर्डात उतरवतो. स्ट्रॅपसाठी बनवलेल्या हलक्या बोर्डात इन्सर्ट, म्हणजे स्क्रू ज्यांत बसतात ते भाग, उपटून येऊ शकतात, भोवतीचा थर तडकू शकतो. हा बोर्ड बुटांसाठी आहे का, हे उत्पादकाच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं हवं. जुना बोर्ड घेत असाल तर पॅड काढायला लावा. इन्सर्टभोवती बारीक चिरा किंवा फुगवटा दिसला, किंवा स्क्रू हाताने फिरवताना अडकला, तर किंमत कितीही उतरली तरी तो बोर्ड घेऊ नका.