टुरियन : डिमोशन झालं, पण दोष कोणाचा?

इअरफोन घरी विसरला असाल किंवा ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं वाटत असेल, तर हा एपिसोड इथे आहे. बोलताना आलेले 'ॲक्च्युली' आणि 'म्हणजे' मी जमेल तेवढे गाळलेत. आणि आधीच सांगतो, पुढे 'मास इफेक्ट'च्या तिन्ही भागांचे स्पॉयलर आहेत. खेळायचा बाकी असेल तर हे नंतर वाचा.

तर, आजचा प्रश्न : 'मास इफेक्ट'मधली सगळ्यात भारी एलियन जमात कोणती? दहा जणांना विचारा, सहा जण क्रोगन म्हणतील. मोठाले, चिडके, समोरच्याला डोक्याने धडक देणारे. मजा येतेच. माझं उत्तर मात्र टुरियन. माझा रूममेट यावर हसतो. म्हणतो, "अरे, ते एनसीसीचे सर वाटतात. सतत सावधान-विश्राम!"

दिसतात तसे, हे खरंय. पण मला वाटतं, टुरियन नीट बघितले तर बंदुकीपेक्षा दुसरंच काहीतरी महत्त्वाचं सापडतं.

आधी थोडी ओळख

ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी. 'मास इफेक्ट' हा कॅनडातल्या बायोवेअर कंपनीचा गेम. पहिला भाग २००७ मध्ये आला, दुसरा २०१० मध्ये, तिसरा २०१२ मध्ये. तिन्ही भाग एकत्र करून, चकाचक ग्राफिक्ससह २०२१ मध्ये 'लेजेंडरी एडिशन' आली. मी तीच खेळलो.

टुरियन हे पॅलाव्हेन नावाच्या ग्रहावरचे. त्या ग्रहाचं चुंबकीय क्षेत्र कमकुवत, त्यामुळे रेडिएशन जास्त. म्हणून त्यांच्या कातडीत धातूचा अंश असतो आणि ती कवचासारखी चमकते. त्यांची प्रथिनं आपल्या उलट रचनेची, म्हणजे आपलं जेवण त्यांच्या काही कामाचं नाही. वडापाव दिला तर पोट भरणार नाहीच, वर ॲलर्जी व्हायची.

आकाशगंगेतली सगळ्यात मोठी फौज त्यांची. माणसांशी त्यांची पहिली भेटही लढाईनेच झाली. गेममधल्या २१५७ साली माणसं एक बंद पडलेला रिले, म्हणजे ताऱ्या-ताऱ्यांमधला शॉर्टकट, चालू करायला गेली. असं करणं बेकायदा होतं, पण माणसांना तो कायदाच ठाऊक नव्हता. टुरियननी विचारपूस न करता थेट हल्ला केला आणि शांशी ही मानवी वसाहत ताब्यात घेतली. मग कौन्सिलने मध्ये पडून तह घडवला. पहिल्या भागाची गोष्ट त्यानंतर २६ वर्षांनी सुरू होते, तरी कित्येक माणसांच्या मनात तो राग ताजा असतो.

इथपर्यंत ऐकून वाटतं, ठीक आहे, नेहमीचे लष्करी एलियन. नियम मोडला की गोळी. पण घरात ते कसे राहतात ते बघा.

सत्तावीस पायऱ्या

पंधराव्या वर्षापासून तिसाव्यापर्यंत प्रत्येक टुरियन सरकारची सेवा करतो. सेवा म्हणजे फक्त सैनिक नाही हं. कोणी ऑफिसात बसतं, कोणी बांधकाम करतं, कोणी कचरा उचलतं. नागरिकत्वाच्या २७ पायऱ्या आहेत. लहान मुलं सगळ्यात खाली. सेवेत गेलं की दुसरी पायरी, प्रशिक्षण संपलं की तिसरी, आणि तिथे खरं नागरिकत्व मिळतं. सगळ्यात वर प्रायमार्क. वर चढायचं असेल तर फक्त साहेब खूश असून चालत नाही, बरोबरीच्या लोकांचं मतही लागतं.

आता खरी गंमत. गेममध्ये कोडेक्स नावाचा एक माहितीकोश आहे. त्यात लिहिलंय की एखाद्या टुरियनला बढती मिळाली, त्याला ते काम झेपलं नाही आणि त्याला खाली आणलं, तर लाज त्याची नसते. तो तयार नसताना ज्यांनी त्याला वर चढवलं, त्यांची असते. आणि एखादा म्हणाला की मी आहे त्या पायरीवर बरा आहे, तर त्याला कोणी आळशी म्हणत नाही. आपली मर्यादा ओळखणं त्यांच्यात महत्त्वाकांक्षेपेक्षा मोठं मानतात.

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गेम पॉज केला.

आता माझी गोष्ट

मी तेव्हा पहिल्याच कंपनीत होतो. अडीच वर्षांचा अनुभव. आमचा टीम लीड अचानक सोडून गेला आणि मॅनेजरने मला त्याच्या जागी बसवलं. सहा जणांची टीम. मी 'हो' म्हणालो, कारण 'नाही' म्हणतात हेच मला माहीत नव्हतं.

चौथ्या महिन्यात एका रिलीजच्या रात्री डेटाबेसचं मायग्रेशन मध्येच अडकलं. परत मागे जायची तयारी मी केली नव्हती. वाटलं होतं, लागणार नाही. सकाळपर्यंत ॲप बंद. चूक माझीच होती, त्यात वाद नाही. पुढच्या महिन्यात एक मेल आला, 'टीमची पुनर्रचना'. मी परत साधा डेव्हलपर. कॅन्टीनमध्ये मी टेबलाजवळ गेलो की बोलणं थांबायचं. आईला दोन महिने सांगितलं नाही. ती शेजारच्या काकूंना 'माझा मुलगा लीड आहे' असं सांगत राहिली आणि मी फोनवर नुसतं "हं" म्हणत राहिलो.

त्या काळात रात्री मी 'मास इफेक्ट' खेळायचो. आणि कोडेक्स वाचून दाखवणारा तो गंभीर आवाज मला सांगत होता की एक प्रश्न कोणी विचारलाच नाही : याला तिथे बसवलं कोणी?

म्हणून मला टुरियन आवडतात. आपण 'लष्करी शिस्त' म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर खालच्याने वरच्याचं ऐकणं येतं. टुरियनमध्ये वरच्यावरही बंधन आहे. हुकूम खाली जातो, तशी जबाबदारी वर जाते.

पण थांबा

इथेच एपिसोड संपवला असता तर मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली असती. टुरियनची दुसरी बाजू बघायची तर क्रोगनकडे जावं लागतं.

शेकडो वर्षांपूर्वी क्रोगननी बंड केलं. मुलं भरपूर, त्यामुळे सैनिक संपेचनात. सलेरियन शास्त्रज्ञांनी जेनोफेज नावाचं जैविक अस्त्र बनवलं, मुख्यतः धाक म्हणून. टुरियननी ते प्रत्यक्षात वापरलं. परिणाम? क्रोगनच्या हजार गर्भांमध्ये जेमतेम एक जगतो. एका अख्ख्या जमातीच्या घरांतले पाळणे रिकामे झाले. आणि टुरियनना त्या युद्धातल्या कामगिरीबद्दल कौन्सिलमध्ये जागा मिळाली. वर क्रोगनच्या ग्रहावर, टुचांकावर, त्यांनी एक बॉम्बही गुपचूप पुरून ठेवला. पुढेमागे लागला तर असावा म्हणून.

मग मी स्वतःला विचारलं, ती सुंदर जबाबदारीची साखळी इथे कुठे गेली? उत्तर सोपं आहे. सत्तावीस पायऱ्यांपैकी एकही पायरी क्रोगनकडे जात नाही. ती साखळी फक्त आपल्या माणसांना जबाबदार आहे. हुकूम नीट दिला, नीट पाळला, काम फत्ते झालं, मग दोष कुणाला द्यायचा? कोणी चुकलंच नाही! मला वाटतं, लष्करी समाजाचा खरा धोका हा आहे. क्रूर माणसं लागतच नाहीत. कर्तव्यदक्ष माणसं पुरतात.

तिसऱ्या भागात हे उधार फेडावं लागतं. आधीचा प्रायमार्क मारला जातो, वरचे बरेच अधिकारी संपतात आणि व्हिक्टस नावाच्या सेनापतीला त्या जागी बसवतात. नियमापेक्षा स्वतःच्या डोक्याने लढणारा, म्हणून वरिष्ठांचा फारसा लाडका नसलेला माणूस. टुचांकावरचा तो जुना बॉम्ब शत्रूच्या हाती लागतो, आणि व्हिक्टस तो निकामी करायला स्वतःच्या मुलाला पाठवतो. मुलगा वाटेत चुकीचा निर्णय घेतो, त्याची बरीच माणसं मरतात, उरलेले त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार नसतात. तरी तो परत उभा राहतो, बॉम्ब थांबवतो आणि त्यातच जातो.

तो मिशन मी एकदाच खेळलोय. चुकलेला लीड आणि त्याच्याकडे न बघणारी टीम मला फार ओळखीची वाटली. पण या वेळी पाठवणाऱ्यानेही किंमत मोजली, आणि पहिल्यांदाच ती क्रोगनसाठी मोजली गेली.

आता मी वरच्या पायरीवर

हे सगळं आजच का बोलतोय? मी आता दुसऱ्या कंपनीत आहे. गेल्या महिन्यात मॅनेजरने माझ्या टीममधल्या एका ज्युनियरच्या बढतीचा फॉर्म मला भरायला दिला. मुलगी हुशार आहे, कोड स्वच्छ लिहिते, पण रिलीज एकटीने कधी चालवलेलं नाही. फॉर्म भरायला दहा मिनिटं लागली असती. मी तीन दिवस तसाच ठेवला.

मग तिलाच सांगितलं, "मी सही केली आणि तुला जड गेलं, तर पहिला प्रश्न मला विचारायला हवा. तसं मी मॅनेजरला लिहून देणार आहे. पण तू तयार आहेस का, ते तू सांग."

ती जरा वेळ गप्प बसली. म्हणाली, "एक रिलीज मी चालवते, तू नुसता शेजारी बस. मग भर फॉर्म."

ते रिलीज पुढच्या गुरुवारी रात्री आहे. मागे जायची तयारी तिने आत्ताच करून ठेवली आहे. मी शेजारी चहा घेऊन बसणार आहे.

तुमचं काय मत? टुरियनच्या जागी असता तर जेनोफेज वापरला असता का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. आणि हो, क्रोगनवाल्यांनो, तुमचीही बाजू येऊ द्या. भेटू!