अर्ध्या नावांचा केक

अमेरिकेतल्या ‘सदर्न लिव्हिंग’ मासिकाच्या फेब्रुवारी १९७८च्या अंकात वाचकांकडून आलेली एका केकची कृती छापली गेली. पिकलेली केळी, डब्यातला अननस, पिकान नावाचा अक्रोडासारखा सुका मेवा, चिमूटभर दालचिनी, असे तीन थर आणि मध्ये-वर क्रीम चीजचं पांढरंशुभ्र लेपण. केकचं नाव हमिंगबर्ड. कृती पाठवणारीचं नाव होतं मिसेस एल. एच. विगिन्स, ग्रीन्सबरो, नॉर्थ कॅरोलिना. त्याच वर्षी केंटकी राज्याच्या जत्रेत या केकला आवडत्या पाककृतीचं बक्षीस मिळालं. वाचकांनी सर्वांत जास्त वेळा मागितलेली कृती म्हणून पुढे हे मासिकच तिचा उल्लेख करू लागलं. आज अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत ईस्टरच्या जेवणाला किंवा कुणाच्या वाढदिवसाला हा केक नसला, तर लोक चौकशी करतात.

त्या नावाकडे जरा थांबून पाहायला हवं. विवाहित स्त्रीचं नाव छापायचं ते नवऱ्याच्या आद्याक्षरांनी, असा तिथला तेव्हाचा रिवाज. म्हणजे लाखो घरांत पोचलेल्या केकखाली जी सही आहे, तिच्यातून त्या बाईंचं स्वतःचं नाव कळत नाही. शिवाय हा केक आपण शोधला, असा दावाही त्या छापील कृतीत नाही. त्यांनी आपल्या घरातली कृती पाठवली, इतकंच.

केक त्यांच्या आधीचा आहे, आणि त्याचं मूळ जमैकात सापडतं. ६ ऑगस्ट १९६२ला स्वतंत्र झालेल्या या छोट्या बेटाला परकीय चलन हवं होतं आणि त्यासाठी अमेरिकन पर्यटक हवे होते. किंग्स्टनच्या ‘डेली ग्लीनर’मध्ये मार्च १९६९मध्ये एक बातमी आली : परदेशी पत्रकारांना दिलेल्या माहितीच्या संचात अमेरिकन स्वयंपाकघराला जुळतील असे बदल करून जमैकाचे पदार्थ दिले आहेत, आणि त्यात केळ्यांचा ‘डॉक्टर बर्ड केक’ आहे. डॉक्टर बर्ड हा जमैकाचा राष्ट्रीय पक्षी. हमिंगबर्डच्याच कुळातला, फक्त याच बेटावर आढळणारा. नराच्या शेपटीला दोन लांब काळी पिसं असतात. जुन्या काळच्या डॉक्टरांच्या लांब शेपटांच्या कोटासारखी ती दिसतात, म्हणून हे नाव पडलं असं तिथे सांगतात. त्याच सुमारास उड्डाणं सुरू करणाऱ्या एअर जमैकाच्या विमानांवरही हाच पक्षी होता. आपल्याकडे हमिंगबर्ड नाही. फुलातला मध पिणारा तसा चिमुकला पक्षी म्हणजे आपला शिंजीर, पण त्याचं कूळ वेगळं.

सत्तरच्या दशकात ही कृती अमेरिकेतल्या गावोगावच्या वर्तमानपत्रांत आणि चर्चच्या महिला मंडळांनी काढलेल्या पुस्तिकांत फिरत राहिली. नावं बदलत गेली. कुठे ‘न टिकणारा केक’, कुठे ‘काही न उरणारा केक’, कुठे ‘आजीचा सर्वांत छान केक’. जमैकातला केक बहुधा मधे भोक असलेल्या साच्यात भाजलेला आणि वर काही न लावलेला असे. क्रीम चीजचं लेपण आणि तीन थर ही अमेरिकन घरांची भर. ती प्रथम कुणी घातली याची नोंद नाही, आणि अशा गोष्टींची सहसा नसतेच. एका बाईनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं साखर कमी-जास्त केली, तिसरीनं वर चीज लावलं.

या केकमधली केळी काढून दाखवली, तर जमैकाचा शंभरेक वर्षांचा व्यापार डोळ्यांपुढे येतो. ग्रो मिशेल ही जाड सालीची, प्रवासात टिकणारी जात ज्याँ फ्रांस्वा पुया या फ्रेंच माणसानं १८३५मध्ये मार्टिनिक बेटावरून जमैकात आणली. १८७०मध्ये लोरेन्झो डाउ बेकर या अमेरिकन जहाजाच्या कप्तानानं जमैकातून १६० घड नेऊन जर्सी सिटीत विकले आणि नफा पाहून पुन्हा आला. १८८५मध्ये बोस्टन फ्रूट कंपनी निघाली, १८९९मध्ये तिच्यासह युनायटेड फ्रूट कंपनी उभी राहिली, आणि पुढे या कंपनीच्या तालावर मध्य अमेरिकेतली सरकारं चालू लागली. मग पनामा रोग नावाची मातीतली बुरशी आली. तिनं ग्रो मिशेलच्या बागा संपवल्या आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर जगाच्या बाजारात कॅव्हेंडिश गटातल्या केळीनं तिची जागा घेतली.

इथे आपल्या खानदेशाचा धागा जुळतो. रावेर-यावलच्या बागांत आज ज्या ‘जी-नाइन’ केळीचे घड लटकतात, ती ग्रँड नैन जात कॅव्हेंडिश गटातलीच. श्रीमंती आणि बसराई या आधीच्या जातीही त्याच गटातल्या. जळगावच्या केळीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा हा केक करताना ‘तिकडचं केळं कुठून आणू’ ही चिंता नको. हातगाडीवरचं केळं त्याच कुळातलं आहे.

अननसाची कथा थोडक्यात सांगते. ते मूळचं दक्षिण अमेरिकेचं फळ. जमैकाच्या राजचिन्हात सतराव्या शतकापासून पाच सोनेरी अननस आहेत, आणि आपल्याकडे ते पोर्तुगीजांबरोबर आलं. जेम्स डोल यानं १९०१मध्ये हवाईत कंपनी काढली, सोलण्या-कापण्याची यंत्रं आली, आणि बारीक केलेला अननस रसासकट डब्यात मिळू लागला. तो डबा नसता तर अमेरिकेच्या थंड भागातल्या गृहिणीनं हा केक कधी केला नसता.

पिकानबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. हे झाड उत्तर अमेरिकेचं, अक्रोडाच्या कुळातलं. बियांपासून लावलं तर प्रत्येक झाडाचं फळ वेगळं निघतं, कुठे कवच दगडासारखं, कुठे गर नावापुरता. पातळ कवचाचं, भरल्या गराचं झाड जसंच्या तसं वाढवायचं तर कलम करावं लागतं, आणि पिकानचं कलम सहसा कुणाला साधत नव्हतं. लुइझियानातल्या ओक अ‍ॅली मळ्यावर १८४६-४७च्या सुमारास ते साधलं अंत्वान नावाच्या माळ्याला. अंत्वान गुलाम होता. मळ्याच्या मालकाच्या मृत्यूनंतर झालेल्या मालमत्तेच्या यादीत त्याची नोंद आहे : वय, कलमाचं कौशल्य आणि किंमत. आडनाव नाही. त्यानं वाढवलेल्या झाडांची फळं १८७६मध्ये फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनात गाजली आणि त्या वाणाला ‘सेन्टेनिअल’ हे नाव मिळालं. पिकानच्या बागायतीचा सगळा धंदा या कलमापासून उभा राहिला. ज्याच्या हातानं ते जमलं, त्याच्या वाट्याला विक्रीयोग्य वस्तूंच्या यादीतली एक ओळ आली. हे वाचल्यापासून या केकमधला सुका मेवा मला नुसता चवीचा वाटत नाही.

राहिलं क्रीम चीज. न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावचा गवळी विल्यम लॉरेन्स यानं १८७२च्या सुमारास ते मोठ्या प्रमाणात करायला घेतलं; फिलाडेल्फिया हे नाव १८८०मध्ये दिलं गेलं, कारण त्या शहराच्या दुधातुपाची ख्याती होती. चीज तिथे बनत नव्हतंच. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे त्यात किमान ३३ टक्के स्निग्धांश आणि जास्तीत जास्त ५५ टक्के पाणी असावं लागतं. हे आकडे लक्षात ठेवा, लेपण करताना लागतील.

आता केक. हा इतका ओलसर का होतो, याचं पहिलं कारण तेल. लोण्यात सोळा-सतरा टक्के पाणी असतं आणि गार झालं की ते घट्ट होतं, त्यामुळे लोण्याचा केक फ्रिजमधून काढल्यावर कोरडा लागतो. तेल पातळच राहतं; शिवाय ते मैद्यातल्या प्रथिनांना वेढून बसतं, म्हणून केक चिवट होत नाही. दुसरं कारण फळं. केळं पिकताना त्यातल्या पिठाची साखर होते, आणि साखर पाणी धरून ठेवते. साल काळ्या ठिपक्यांनी भरलेलं, देठाशी मऊ पडलेलं केळं यासाठी उत्तम. पिवळंधमक, कडक केळं घालून केक नीरस होतो. फळाच्या पाण्यावर पीठ शिजवायची ही युक्ती कोकणाला जुनी आहे. तवशाचा कीस, रवा, गूळ आणि नारळ एकत्र करून वर-खाली निखारे ठेवून केलेलं धोंडस हा त्याच जातीचा पदार्थ, आणि माझ्या मते कुठल्याही केकच्या पंगतीत मानानं बसेल असा.

मूळ कृतीत साखर आणि तेल दोन्ही सढळ आहे. मी निम्म्या मापानं आणि थोडं कमी गोड करते. १९० ग्रॅम मैदा, अर्धा लहान चमचा खायचा सोडा, तेवढंच मीठ आणि दालचिनीची पूड एकत्र चाळून घ्यावी. दुसऱ्या भांड्यात दोन अंडी, १६० ग्रॅम बारीक साखर, १५० मिलिलिटर वास नसलेलं तेल आणि व्हॅनिला. शेंगदाण्याचं तेल नको, त्याचा वास फळांवर चढतो. त्यात ११५ ग्रॅम बारीक केलेला अननस रसासकट, दोन मोठी केळी आणि मूठभर अक्रोड. पिकान मिळाला नाही तर त्याच कुळातला अक्रोडच योग्य. काजू गोडात गोड होतो. केळी चिरावीत, कुस्करू नयेत. कुस्करलेल्या केळ्यांचा केक सगळीकडून एकसारखा, जड होतो. चिरलेल्या फोडी शिजून विरघळतात आणि जिथे विरघळतात तिथे ओलसर गोड जागा राहते.

मग कोरडं आणि ओलं कालथ्यानं एकत्र करावं, पिठाचे कोरडे ठिपके दिसेनासे होईपर्यंतच. फेटायचं नाही. लोणी-साखर फेसत बसण्याचं काम या कृतीत नाही, हे तिच्या प्रसाराचं मोठं कारण असावं, असं मला वाटतं; बीटर नसलेल्या घरातही ती जमते. सोड्याला लागणारं आम्ल अननस आणि केळ्यातून मिळतं आणि काम लगेच सुरू होतं, म्हणून ओव्हन आधीच तापलेला हवा. आठ इंची डब्यात १७५ अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात. कुकरमध्ये करायचा तर तळाशी मीठ पसरून, शिटी आणि रिंग काढून, मंद आचेवर तासाभराचा हिशेब धरावा. सुई कोरडी ठणठणीत यायची वाट पाहू नये. एखाददुसरा ओला कण चिकटला तरी केक झालेला असतो. अंडं न खाणाऱ्यांनी शंभर ग्रॅम गोडसर दही घालावं. केक थोडा कमी फुलतो, ओलावा तसाच राहतो.

ताजा अननस वापरायचा तर चमचाभर साखर घालून पाच-सात मिनिटं शिजवून घ्यावाच. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं. ते प्रथिनं तोडतं. दुधाच्या पदार्थात कच्चा अननस घातला की थोड्या वेळानं कडवटपणा येतो, तो त्यामुळेच. उष्णतेनं हे विकर निकामी होतं. डब्यातला अननस आधीच तापवलेला असल्यानं अमेरिकन कृतीत ही सूचना नसते, आणि तीच कृती आपल्याकडे ताज्या फळानं करणाऱ्यांची इथेच फसगत होते.

लेपणासाठी क्रीम चीज मिळालं तर उत्तम, पण ते महाग आहे आणि गावोगाव मिळत नाही. आपल्याकडे चक्का आहे. सायीच्या दुधाचं, फार आंबट नसलेलं दही फडक्यात बांधून, वर वजन ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये निथळू द्यावं. चक्क्यात क्रीम चीजपेक्षा स्निग्धांश कमी आणि पाणी जास्त असतं. तो फरक लोण्यानं भरून काढायचा. शंभर ग्रॅम बिनमिठाचं मऊ लोणी आणि १२० ग्रॅम पिठीसाखर आधी हलकी होईपर्यंत फेटावी, मग ३०० ग्रॅम चक्का चमच्याचमच्यानं मिसळावा. क्रम उलटा करू नये. साखर थेट चक्क्यात पडली की ती त्यातलं पाणी ओढून घेते आणि श्रीखंड सैल होतं तसं लेपण ओघळतं. केक पूर्ण गार झाल्याशिवाय ते लावू नये, आणि लावल्यावर केक फ्रिजमध्येच ठेवावा. दिवाळीआधीच्या उकाड्यात तर नक्कीच. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या दिवसापेक्षा चांगला लागतो.

मराठीत लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ किंवा कमलाबाई ओगल्यांचं १९७०चं ‘रुचिरा’ यांवर लेखिकांची स्वतःची नावं छापली गेली, हे मला फार मोलाचं वाटतं. घरातल्या वह्यांत मात्र अजून ‘शेजारच्या काकूंचा केक’, ‘वहिनींच्या वड्या’ असंच लिहिलेलं असतं. या दिवाळीत तुमच्या वहीत कुणाची कृती उतरवून घेतलीत, तर तिच्याखाली त्या बाईचं किंवा त्या बुवाचं पूर्ण नाव, गाव आणि साल लिहा. आणि आजवर लिहिलेल्या कृतींची माणसं अजून भेटत असतील, तर त्यांना विचारून ती नावं आत्ताच पुरी करून घ्या.