कर्जत-खोपोलीत राहायला जाताय? आधी महिन्याचा खर्च मांडा, सातबारा मात्र हातात ठेवा

कर्जत/खालापूर : मुलगी बारावी झाली, कॉलेज कर्जतला. थोरल्याला अंबरनाथकडे काम लागलं. म्हातारीला महिन्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागतं. अशा घरात रात्री जेवताना एक विषय हमखास निघतो, "कर्जतला एखादी खोली बघायची का?" खालापूर तालुक्यात हाच विषय खोपोलीचं नाव घेऊन येतो. त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो, तो जास्त जड असतो, "रस्त्याकडची जमीन काढली तर फ्लॅट होईल का?"

हे दोन प्रश्न वेगळे आहेत. शहरात राहायला जाणं एक आणि जमीन विकणं दुसरं. दोन्ही एकाच झटक्यात ठरवले की नंतर पस्तावायची वेळ येते. म्हणून दोन्हींचा हिशोब वेगवेगळा बघू.

शहराचा फायदा काय?

२०११ च्या जनगणनेत खोपोलीची लोकसंख्या ७१ हजारांच्या घरात होती, कर्जतची जेमतेम ३० हजार. म्हणजे दोन्ही शहरं लहानच. पण लहान शहराचा हाच फायदा असतो. स्टेशन, बाजार, शाळा, बँक, सगळं पायी किंवा रिक्षाने हाताशी येतं. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, तहसील आहे, प्रांत कार्यालय आहे. कोकण ज्ञानपीठाचं कॉलेज आहे. खोपोलीला के.एम.सी. कॉलेज आहे, आजूबाजूला कारखाने आहेत. मात्र खालापूर तालुक्याचं तहसील खोपोलीत नाही, ते खालापूरलाच आहे. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या कामाला तर दोन्हीकडून अलिबागच गाठावं लागतं.

कशेळे किंवा वावोशी भागातल्या मुलीला पहिल्या तासाला पोचायचं तर एस.टी. किंवा टमटमवर अवलंबून राहावं लागतं. गाडी चुकली की दिवस गेला. पावसाळ्यात तर "उद्यापासून जाऊ नकोस" असं घरातूनच सांगितलं जातं. अशा घराला शहरातली एक खोली म्हणजे मुलीचं शिक्षण पुरं होणं. रात्री-अपरात्री दुखणं आलं तर रुग्णालय जवळ असणं, हेही पैशात मोजता येत नाही.

लोकलचा हिशोब

कर्जत ते मुंबई सीएसएमटी हे अंतर सुमारे १०० किलोमीटर. जायला दोन तास, यायला दोन तास धरा. दिवसाचे चार तास झाले. महिन्याला २५ दिवस कामाचे, म्हणजे १०० तास गाडीत. चार दिवस आणि चार रात्री नुसत्या डब्यात गेल्यासारखंच. खोपोलीकराचा प्रवास याहून जास्त, कारण कर्जत-खोपोली मार्गावर गाड्या मोजक्या. एक गेली की पुढचीची वाट बघत बसायचं.

ज्याचं काम बदलापूर, अंबरनाथ, कल्याणपर्यंत आहे त्याला कर्जत परवडतं. ज्याचं काम दादरच्या पुढे आहे त्याने नीट विचार करावा. पाऊस वेगळा. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीला पूर आला आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पाण्यात अडकली. हजाराहून जास्त प्रवासी बाहेर काढावे लागले. तो मार्ग बंद झाला की कर्जतच्या नोकरदाराचा दिवस बुडतो.

घरांच्या जाहिरातीत पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाचं नाव हमखास असतं. सुमारे ३० किलोमीटरच्या या मार्गाने चौक भागालाही फायदा आहे. पण घर घेताना जाहिरातीतली गाडी धरू नये, वेळापत्रकात असलेली गाडी धरावी.

खर्च कुठे वाढतो?

गावात भाडं नाही. तांदूळ घरचा, परसात वाल-दुधी, दोन कोंबड्या, सरपण रानातलं. यातलं बरंच काही घर हिशोबात धरतच नाही. शहरात गेलं की प्रत्येक गोष्टीला रोख पैसे लागतात. भाडं किंवा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी, पाणीपट्टी, रिक्षा, विकतचा तांदूळ, वर पाणी कमी पडलं तर टँकरची वर्गणी.

आणखी एक बाब. नगरपरिषदेत ग्रामसभा नसते. रोजगार हमीचं काम ग्रामीण भागापुरतं. घरकुल योजनाही गावाची वेगळी, शहराची वेगळी. म्हणून नाव हलवण्याआधी कुठला लाभ सुटतो हे ग्रामसेवकाला विचारून घ्यावं. रेशनचं धान्य मात्र आता दुसऱ्या दुकानातूनही अंगठा लावून घेता येतं, त्यासाठी कार्ड हलवायची घाई नको.

जमीन विकण्यापूर्वी

आपल्या राज्यात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी लागतो. कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय ती घेता येत नाही. घरातला शेवटचा सातबारा विकला, तर पुढे मुलाला पैसे असूनही दहा गुंठे घेताना अडचण येऊ शकते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला द्यायची तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. तोंडी विसार, नोटरीचा कागद यावर विश्वास ठेवू नये.

राजनाल्याखालच्या शेतकऱ्याने तर दोनदा विचार करावा. भिवपुरीच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यावर तिथे उन्हाळी भात होतं. दोन पिकांची जमीन विकून घेतलेला फ्लॅट महिन्याला काही पिकवत नाही, उलट मेंटेनन्स मागतो.

फ्लॅट घ्यायचाच असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मोबाईलवर तपासावा. नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. आठ घरांपर्यंतच्या छोट्या इमारती महारेरात येत नाहीत. तिथे बिनशेती आदेश, बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र आपणच बघून घ्यावं. नदीकाठी घर असेल तर पूररेषा विचारावी.

मग करायचं काय?

आधी एक वर्ष भाड्याने राहून बघावं. त्या वर्षात एक जुलै आणि एक मे यायलाच हवा. जुलैत गाडी आणि पूर कळतो, मे महिन्यात नळाचं पाणी कळतं. दर महिन्याचा खर्च वहीत लिहावा आणि पगारातून किती उरलं ते बघावं. मुलांची शाळा-कॉलेज आणि म्हाताऱ्यांचा दवाखाना यासाठी जायचं असेल तर लहान शहर उपयोगी आहे. फक्त शेजाऱ्याने फ्लॅट घेतला म्हणून जायचं असेल तर गाव बरं.

खोली सोडून परत गावी येता येतं. विकलेल्या जमिनीवर परत लावणी करता येत नाही.